कंपासपेटीतली जादू : प्रकल्प नोंदी, सांगली

१४ जून

काम ठरले: पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी ४० मिनिटांचा जादूचा तास. सामान फक्त दप्तरातले किंवा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे. तारीख २० ऑगस्ट. हा डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा स्मृतिदिन आणि २०१८ पासून वैज्ञानिक दृष्टिकोन दिनही. दाभोलकर साताऱ्याचे, त्यामुळे आपल्या भागात चमत्कार सादरीकरणाचे कार्यक्रम लोकांनी बरेच पाहिलेले आहेत. आधी करून दाखवायचे, मग फोड करून सांगायची, ही रीत इथे नवी नाही. तीच ठेवायची.

उलगडा सांगायचाच असेल तर प्रयोग निवडण्याची पद्धत बदलते. व्यावसायिक जादूगार गुपित झाकून ठेवतो, म्हणून त्याला नकली अंगठा, चोरकप्पा, दोरा चालतो. ते उघडे पडले की मुले म्हणतात, ‘हॅट्, एवढंच?’ आपल्याला असे प्रयोग हवेत की गुपित कळल्यावर मुलगा म्हणेल, ‘द्या इकडे, मी करतो.’ दुसरी अडचण वर्गाची. रंगमंचावर प्रेक्षक समोर असतो. वर्गात पहिल्या बाकावरचा तीन फुटांवर आणि खिडकीकडचा पार बाजूला. फक्त समोरूनच जमणारे प्रयोग जवळजवळ सगळे बाद.

हरभट रोडवरून आणायचे: यू-पिना (साध्या, स्टीलच्या) २ डब्या, रबर बँड १०० ग्रॅम, गोल पेन्सिली १२, ए४ कागद १ रिम (७५ जीएसएम), झिपच्या पारदर्शक पिशव्या २०, ग्लू स्टिक ४, बोथट टोकाच्या कात्र्या १०, जाड दोऱ्याचे रीळ १. पोस्टकार्डे मात्र टपाल कचेरीतूनच, ५०.

१७ जून

यू-पिनांची गाठ. कागदाच्या पट्टीला दोन सुट्या पिना लावायच्या, पट्टीची टोके ओढायची. पिना हवेत उडतात आणि खाली पडतात तेव्हा एकमेकींत अडकलेल्या असतात. तासाची सुरुवात यानेच. हात स्वच्छ, बाह्या वर, लपवायला काहीच नाही.

पट्टी ७ × २१ सेंमी. ए४ कागदाची रुंदी २१ सेंमी असते, त्यामुळे आडवे कापत गेले की एका कागदातून चार पट्ट्या निघतात आणि पावणेदोन सेंमीची चिरफळी उरते. पट्टीचे ७-७ सेंमीचे तीन पदर करायचे, पण गुंडाळायचे नाहीत. एक घडी पुढे, एक मागे. वरून पाहिले की इंग्रजी ‘झेड’ दिसला पाहिजे.

पहिली पिन वरच्या कडेवरून पुढच्या पदराच्या मोकळ्या टोकाजवळ, पुढचा आणि मधला असे दोनच पदर धरून. मग अख्खी पट्टी पाठीकडून वळवून घ्यायची. आता आपल्याकडे मागचा पदर आला. त्याच्याही मोकळ्या टोकाजवळ, तशीच, याही वेळी दोनच पदर. पिन पूर्ण खाली दाबायची, म्हणजे तिची वरची कमान कागदाच्या कडेला टेकते.

मग दोन्ही मोकळी टोके चिमटीत धरून आडवी ओढायची. सुरुवातीला सावकाश, म्हणजे पिना एकमेकींकडे सरकताना मुलांना दिसतात. त्या एकमेकींवर आल्या की एक झटका. शेवटपर्यंत हळू ओढले तर पिना घडीत रुततात आणि कागद फाटतो. पहिल्यापासूनच झटका दिला तर सरकणे कुणाला दिसत नाही आणि निम्मी मजा जाते.

बिघडण्याची कारणे, वारंवारतेच्या क्रमाने: एका पिनेत तीनही पदर गेले (पट्टी उघडतच नाही). पट्टी झेडऐवजी गुंडाळीसारखी दुमडली (पिना सुट्या पडतात). पिन अर्धवट लावली (आधीच निसटते). पिनेला गंज आहे. प्लॅस्टिकचे रंगीत आवरण असलेल्या पिना शेवटच्या बाकावरून छान दिसतात, पण आवरण कागदाला धरून बसते. मोठ्या आकाराच्या घेतल्या तरच चालतात.

उलगडा फळ्यावर: वरून दिसणारा झेड काढायचा आणि प्रत्येक पिन दोन रेघांना कवेत घेणाऱ्या कडीसारखी दाखवायची. रेघ सरळ केली की दोन्ही कड्या एकाच जागी येतात आणि पिनेची उघडी तार दुसरीच्या वेढ्यात शिरते. पिन ही बंद कडी नाही, तिला तोंड आहे, हे मुलांच्या आधी लक्षात येत नाही. पिन हातात देऊन विचारायचे: ‘हिचं दार कुठंय?’

२१ जून

रबर बँडची उडी. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बुडाशी घातलेला बँड मूठ उघडताच अनामिका आणि करंगळीवर जातो.

हाताची पाठ मुलांकडे, तळवा आपल्याकडे. दुसऱ्या हाताने बँड तळव्याच्या बाजूने ओढून ‘बघा, खराच आहे’ म्हणायचे. ओढलेला असतानाच मूठ मिटायची आणि चारही बोटांची टोके त्या ताणलेल्या फटीत जाऊ द्यायची. बँड सोडला की बाहेरून तो अजून पहिल्या दोन बोटांवरच दिसतो, आतून मात्र चारही बोटांच्या नखांवरून गेलेला असतो. बोटे ताठ केली की उडी आपोआप.

सगळे बँडच्या मापावर आहे. सपाट ठेवून मोजलेली लांबी मोठ्यांसाठी साधारण ६ सेंमी, पाचवीतल्या मुलासाठी ४ ते ५. सैल बँड उडी न मारता लोंबतो. घट्ट असला तर बोटांना वळ उठतो आणि मूल पुढच्या वेळी हात मागे घेते. किराणा दुकानातले बारीक बँड टाळावेत, ताणताना तुटून डोळ्याकडे उडतात. शंभर ग्रॅमच्या पुडीत तीन-चार मापे मिसळलेली येतात, ती आजच वेगळी करून ठेवायची.

यावर कडी म्हणून दुसरा बँड चारही बोटांच्या टोकांना, प्रत्येक बोटाला एक पीळ देत अडकवायचा. आता वाट बंद आहे असे वाटते. तरीही पहिला बँड तसाच उडतो, कारण त्याची वाट टोकांवरून नाहीच. मुलांना तर्क करायला लावावा असा हा भाग आहे. उलगडा करताना फक्त हात उलटा करून तळवा दाखवायचा, बोलायची गरज पडत नाही.

बाजूने बघणाऱ्याला बोटांची टोके बँडमध्ये जाताना दिसतात. मूठ मिटताना हात किंचित खाली झटकावा, तेवढ्याने भागते.

२६ जून

पाण्याच्या पिशवीतून पेन्सिली. झिपची पिशवी पाऊण भरायची, झिप बंद, वरच्या कोपऱ्याला धरून लटकवायची. टोक केलेली पेन्सिल पाण्याच्या पातळीच्या खालून एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, न थांबता. थेंब पडत नाही. २० × २५ सेंमीच्या पिशवीत सहा पेन्सिली आरामात बसतात.

पिशवीचा प्लॅस्टिक कोणता, यावर सगळे ठरते. झिपच्या पिशव्या मऊ पॉलिथिनच्या असतात. ते भोकाभोवती ताणले जाते आणि पेन्सिलीला आवळून धरते. लग्नपत्रिका किंवा शर्ट ज्यात येतात ती चकचकीत, चुरचुर वाजणारी पिशवी पॉलिप्रोपिलिनची. ती ताणली न जाता उभी चिरते आणि सगळे पाणी बाकावर. दुकानात ओळखायची सोपी खूण: कानाजवळ चुरगाळून बघायची. वाजली की नको. (दुकानातल्या हातपिशव्यांवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, त्या मागायला जाऊ नये.) दुधाची धुतलेली पिशवीही पॉलिथिनचीच असल्याने चालते, पण छपाईमुळे आतली पेन्सिल दिसत नाही.

षटकोनी पेन्सिलीच्या कोपऱ्यांशी कधीकधी पाणी झिरपते, म्हणून गोल घेतल्या. टोक लांब आणि अणकुचीदार हवे. बोथट टोक प्लॅस्टिकला आधी आत ढकलते, मग फाडते. हळू ढकलले तरी तेच होते.

‘घर्षणाच्या उष्णतेनं प्लॅस्टिक वितळून भोक बंद होतं’ असे स्पष्टीकरण सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. पेन्सिल उपसली की लगेच धार लागते, वितळून बंद झाले असते तर लागली नसती. हेच मुलांना करून दाखवायचे, बादलीवर. पिशवी एखाद्याच्या डोक्यावर धरून करण्याचा मोह सगळ्यांना होतो. करावे, पण पेन्सिली काढताना ते डोके बाजूला असावे.

१ जुलै

रबरी पेन्सिल. शेवटापासून साधारण एक तृतीयांशावर अंगठा आणि तर्जनीत सैल धरून हात वर-खाली हलवायचा, सेकंदाला चार-पाच हेलकावे. पेन्सिल वाकल्यासारखी दिसते. चिमटी घट्ट असली तर काही दिसत नाही, कारण पेन्सिल वर-खाली होण्याबरोबर थोडी झुललीही पाहिजे. गडद पेन्सिल, मागे फिकट भिंत. जेम्स पोमेरांट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये या भासावर शोधनिबंध लिहिला होता. एवढ्या साध्या गोष्टीवर कुणी कागद खर्ची घातला हे मुलांना मुद्दाम सांगावे.

पूर्ण प्रयोग म्हणून दुबळा आहे. दोन प्रयोगांच्या मध्ये, सामान बदलताना वापरायचा.

५ जुलै

स्थिर विजेचे प्रयोग यादीतून काढले. घासलेल्या पट्टीने कागदाचे कपटे उचलणे, बाटलीच्या झाकणावर तोललेली स्ट्रॉ बोटाने फिरवणे, हे डिसेंबर-जानेवारीत फारच सुंदर होते. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने पृष्ठभागांवर ओलावा धरतो आणि भार निसटून जातो. ऑगस्टमध्ये भरवसा नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी राखून ठेवणे.

जागा भरायला फुंकरीची पेन्सिल. गोल पेन्सिल गुळगुळीत बाकावर आडवी. बोट तिच्याभोवती फिरवायचे, कपाळावर घासायचे, ‘आता ही माझ्या बोटामागं येणार’ म्हणायचे आणि बोट पेन्सिलीच्या पुढे, आपल्यापासून दूर सरकवायचे. त्याच वेळी ओठ जेमतेम विलग करून पेन्सिलीच्या अलीकडे बाकावर फुंकर. हवा बाकावर आपटून पुढे पसरते आणि पेन्सिल घरंगळते. सगळ्यांचे डोळे बोटावर असतात, तोंडाकडे कुणी पाहत नाही.

छताचा पंखा बंद. बाक आपल्याकडून किंचित उतरता असला तर फुंकर कमी लागते, आपल्याकडे उतरता असला तर पेन्सिल मांडीत येते. म्हणून आधी सोडून बघायची. गाल फुगले की पकडले गेलात. छाती न हलवता, पोटातून लांब आणि बारीक फुंकर.

यात विज्ञान थोडे आणि बनवाबनवी जास्त, तरीही ठेवला आहे. ‘लक्ष बोटावर, काम तोंडाचं’ हा मुद्दा भोंदूगिरीबद्दल बोलताना उपयोगी पडतो आणि मुले तो स्वतःच पकडतात.

१२ जुलै

पोस्टकार्डातून आरपार. आपल्या मते तासाचा कळस हाच. ‘या कार्डाला भोक पाडून त्यातून मी जाणार’ म्हटल्यावर वर्ग हसतो. आजच्या मुलांनी पोस्टकार्ड हातात घेतलेले नसते, म्हणून आधी ते फिरवायचे. टपाल खात्याचे कार्ड १४ × ९ सेंमी. भारतात ते १८७९ मध्ये सुरू झाले. माप ठरलेले असल्याने आखणी पाठ करता येते, हा त्याचा खरा फायदा.

कार्ड लांबीत दुमडायचे, १४ × ४.५ होते. दर सेंमीला खूण: १, २, ३ करत १३ पर्यंत. विषम खुणांवर घडीच्या बाजूने काप (७ काप), सम खुणांवर मोकळ्या कडेच्या बाजूने (६ काप). प्रत्येक काप ४ सेंमी खोल, पलीकडची अर्धा सेंमी शाबूत. मग पहिल्या आणि तेराव्या कापाच्या मधली घडी कापायची. दोन्ही टोकांचे एकेक सेंमी मात्र घडीसकट अखंड राहिले पाहिजे. उघडले की नागमोडी कडे होते.

हिशेब: प्रत्येक अर्ध्यात १४ पट्ट्या, एकूण २८, प्रत्येक सुमारे ४ सेंमी. म्हणजे घेर ११० सेंमीच्या आसपास. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर ५५-५७ सेंमी, त्यामुळे डोके सहज जाते. खांद्यांतून मात्र सहावीतला मुलगाच जाईल, तोही हात वर करून. मोठ्या माणसाने जायचे असेल तर ए४ कागद. लांबीत दुमडला की २९.७ × १०.५. दीड-दीड सेंमीवर १९ काप (१० घडीकडून, ९ कडेकडून), प्रत्येक ९.५ सेंमी. पट्ट्या ४०, घेर पावणेचार मीटरच्या घरात. दोन शिक्षक आणि तीन मुले एकदम उभी राहतात. अंतर एक सेंमीवर आणले की घेर साडेपाच मीटरच्या पुढे जातो, पण कागद इतका नाजूक होतो की उघडतानाच तुटतो. वर्गासाठी दीडच ठेवणे.

कापांची संख्या विषम आणि पहिला-शेवटचा काप घडीकडून, हे चुकले की एका टोकाला कडे उघडे पडते आणि हातात लांब झालर राहते. दुसरी नेहमीची चूक घडी कापताना शेवटच्या पट्ट्यांचीही घडी कापून टाकणे. त्या दोन पट्ट्यांवर आधीच पेन्सिलीने फुली मारून ठेवायची. पावसाळी हवेत कागद मऊ पडतो, कात्री दाबत जाते आणि काप वाकडे होतात. कार्डे झिपच्या पिशवीतच ठेवणे, प्रयोगाच्या आधी पाच मिनिटे बाहेर.

बोलत-बोलत कापले तर तीन-चार मिनिटे लागतात. तेवढ्यात मुले कंटाळत नाहीत, उलट कापांची चाल ओळखायला लागतात. म्हणून आधी कापून नेऊ नये. उलगडा हा प्रयोगातच आहे: कागदाचे क्षेत्रफळ वाढलेले नाही, कडेची लांबी वाढली. सातवीला परिमिती आणि क्षेत्रफळ शिकवणाऱ्या बाईंना हे कार्ड द्यावे.

१६ जुलै

मोबियसची पट्टी. तीन कागदी कडी, तीनही सारखीच दिसणारी, मधोमध कापायची. पहिल्याची दोन सुटी कडी होतात, दुसऱ्याचे एकच दुप्पट लांबीचे, तिसऱ्याची एकमेकांत अडकलेली दोन.

पट्टी ४ सेंमी रुंद, किमान ८० सेंमी लांब. ए४ च्या तीन उभ्या पट्ट्या जोडल्या की होते. लहान पट्टीत पीळ लगेच दिसतो. लांब पट्टी सैल लोंबत असली की डोळ्याला कळत नाही. चिकटवताना पहिलीला पीळ नाही, दुसरीला अर्धा (एक टोक उलटे करून), तिसरीला पूर्ण. आतून बारीक पेन्सिलीने १, २, ३ लिहायचे, नाहीतर क्रम हरवतो.

जोड २ सेंमीचा आणि संपूर्ण रुंदीला ग्लू स्टिक. जोडाच्या मधूनच काप जाणार असल्यामुळे फक्त मध्ये डिंक लावला तर दोन्ही अर्धी सुटतात. पातळ डिंकाने कागद ओला होऊन कात्रीखाली फाटतो, आणि या हवेत वाळतही नाही. कात्री जोडापासून दूर घालायची: पट्टी हलकेच दुमडून मध्ये छोटी चीर पाडायची, तिथून सुरुवात.

हुशार वर्ग असेल तर चौथे कडे: अर्धा पीळ, पण काप मध्यातून न घेता कडेपासून एक तृतीयांशावर. पट्टी फिरून दोनदा कापली जाते आणि एक लांब कडे व त्यात अडकलेले एक लहान कडे निघते. आधी अंदाज फळ्यावर लिहून घ्यावेत. ऑगस्ट मोबियस आणि योहान लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांनी १८५८ मध्ये स्वतंत्रपणे या पट्टीचा अभ्यास केला.

२३ जुलै

काजातली पेन्सिल. पेन्सिलीच्या मागच्या टोकाला दोऱ्याचा फास पक्का बांधलेला. ती शर्टाच्या काजात अशी अडकवायची की समोरच्याला सोडवता येत नाही: फास पेन्सिलीपेक्षा आखूड, तो पेन्सिलीवरून पलीकडे जाऊच शकत नाही.

पेन्सिल १७.५ सेंमी, फास लटकवल्यावर १३-१४. मागच्या टोकापासून १ सेंमीवर सुरीने खाच, त्यात दोरा आवळून वर सेलोटेपचे दोन वेढे. खाच नसली तर ओढाओढीत फास निसटतो आणि कोडे ‘सुटले’ अशी आरोळी येते.

अडकवताना: फास पंज्यावर घ्यायचा. काज आणि त्याच्या आजूबाजूचे कापड चिमटीत धरून फासातून पुरेसे बाहेर ओढायचे, मग पेन्सिलीचे टोक काजात घालून पूर्ण आरपार ओढून घ्यायचे. कापड सोडले की दोरा काजाच्या कडेला आवळून बसतो. सोडवायला अगदी उलट. दोरा लांब करायचा नसतो, कापड दोऱ्यातून आणायचे असते. मुले तासभर पेन्सिलीशी झटतात, कापडाला कुणी हात लावत नाही.

शर्टाच्या काजात जाड पेन्सिल अडते आणि गणवेश फाटला तर घरून बोलणी. त्यामुळे प्रत्येक गटाला जुन्या मांजरपाटाचा २० × २० सेंमीचा तुकडा, कडेपासून ३ सेंमीवर २ सेंमीची चीर, चिरेला काठाने टाके. हे कोडे अमेरिकन कोडेकार सॅम लॉइड (१८४१-१९११) यांच्या नावावर सांगतात.

२९ जुलै

हळदीचा कागद. सांगलीत हळदीवाचून जादू करणे शोभणार नाही. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

कोऱ्या ड्रॉइंग पेपरवर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने (अर्धा पेला पाण्यात १ चमचा) नव्या ब्रशने अक्षरे काढून वाळवायची. काही दिसत नाही. मग हळदीचे द्रावण रुंद ब्रशने कागदभर फिरवायचे: कागद पिवळा, अक्षरे तांबडी. वर लिंबाची फोड घासली की तांबडे पुन्हा पिवळे. अल्कलीत रंग बदलणे हा हळदीतल्या कर्क्युमिनचा गुण. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेही यावरच.

द्रावणासाठी १०० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये १ चमचा दळलेली हळद, हलवून दहा मिनिटे बसू द्यायची, वरचे स्वच्छ पिवळे पाणी वेगळे. कर्क्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही. नुसत्या पाण्यात कालवले तर गाळाचे पट्टे उठतात आणि सोड्याची अक्षरे विरघळून पसरतात. स्पिरिट पेट घेते: उदबत्ती, मेणबत्ती, पणती खोलीत नको. खिडक्या उघड्या. हे काम शिक्षकाचे, मुलांच्या हाती ब्रश फक्त सोड्याचा. खायचा सोडा चालतो पण रंग फिका. चुना मुलांच्या हाती देऊ नये, डोळ्यात गेला तर वाईट.

सोडा घट्ट झाला तर वाळल्यावर पांढरी पावडर तिरप्या उजेडात चमकते. ड्रॉइंग पेपरऐवजी चकचकीत कार्डशीट घेतले तर द्रावण मुरतच नाही. तयार पिवळे कागद उन्हात ठेवू नयेत, रंग उडतो.

‘करणी उतरवली, लाल झालं बघा’ म्हणणारे हळद-चुन्याचीच मदत घेतात. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. मुलांना कलमे नकोत, तांबड्या अक्षरांवर लिंबू फिरवले की पुरे.

२ ऑगस्ट

पुसता येणाऱ्या पेनाची शाई. पायलटच्या फ्रिक्शन जातीच्या पेनांची शाई साधारण ६० अंश सेल्सियसच्या वर रंगहीन होते, शून्याखाली १०-२० अंशांवर परत उमटते. कागदावर उत्तर लिहायचे, त्यावर उकळत्या पाण्याचा स्टीलचा पेला अर्धा मिनिट, अक्षरे गेली. कागद पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवला की हजर. शाळेत फ्रीजर नसतो, त्यामुळे दुसरा भाग आधी तयार करून न्यावा लागतो आणि तिथेच प्रयोग लंगडा होतो. राखीव यादीत. तरी या पेनाने परीक्षेचा पेपर किंवा चेक कधी लिहू नये, हे सांगण्यासाठी तरी एक पेन पेटीत असावे.

त्यापेक्षा बाणाचा प्रयोग बिनखर्चाचा. ७ सेंमी व्यासाचा काचेचा सरळ पेला पाण्याने भरलेला, मागे कार्डावर आडवा बाण. कार्ड पेल्याला टेकलेले असताना बाण सरळ आणि मोठा. मागे नेत गेले की पसरट होऊन उलटतो. पेला उभ्या भिंगासारखा वागतो आणि त्याचा केंद्रबिंदू मागच्या काचेपासून साधारण त्रिज्येइतका, म्हणजे साडेतीन सेंमीवर पडतो. कार्ड १०-१२ सेंमीवर ठेवले की मीटरभर लांबून स्पष्ट उलटा दिसतो. निमुळत्या पेल्यात आकृती तिरकी होते. फक्त डावे-उजवे उलटते, वर-खाली नाही. म्हणून देवनागरी ‘४’ जसाच्या तसा राहतो आणि ‘२’ उलटतो. ‘४२’ लिहिलेले कार्ड ठेवावे, मुलांनी स्वतः कारण शोधावे.

६ ऑगस्ट

पेन गायब. उजव्या हातात पेन, डाव्या तळव्यावर नाणे. ‘तीन म्हणताच नाणं नाहीसं होईल.’ प्रत्येक अंकाला पेन कानाच्या उंचीपर्यंत वर आणि मग नाण्यावर टकटक. तिसऱ्या वेळी पेन उजव्या कानामागे राहते, रिकामा हात खाली येतो. नाणे आहे, पेन नाही. मग डोके वळवून पेन दाखवायचे. सगळे कानाकडे बघून हसत असताना नाणे खिशात.

प्रेक्षक डाव्या अंगालाच हवेत. वर्गात उजव्या भिंतीला उजवा खांदा देऊन उभे राहिले की जमते. तिन्ही वेळा हात सारखाच वर गेला पाहिजे. दोनदा छातीपर्यंत आणि तिसऱ्यांदा कानापर्यंत गेला की पहिला बाकच ओरडतो. टोपणाची पकड ज्याला आहे असे पेन नको, केसांत अडकते.

११ ऑगस्ट

क्रम पक्का: यू-पिना, रबर बँड, रबरी पेन्सिल (सामान बदलताना), पाण्याची पिशवी, फुंकरीची पेन्सिल, मोबियस, पेन गायब, हळद, शेवटी पोस्टकार्ड. काजाची पेन्सिल सुरुवातीलाच गटागटांत वाटून ठेवायची, सोडवत बसतील. बाण खिडकीत मांडून ठेवायचा, येता-जाता बघतील. ओले प्रयोग कागदाच्या प्रयोगांपासून वेगळ्या बाकावर; मोबियसच्या पट्ट्यांवर पाणी उडाले की संपले.

४० मुलांच्या वर्गासाठी पेटी: पट्ट्या ७ × २१ च्या ५० आणि यू-पिना १०० (प्रत्येकाला दोन, उरलेल्या हरवण्यासाठी), रबर बँड मध्यम ४५, मोठे ५, झिप पिशव्या ३, गोल पेन्सिली ८ टोक करून, मोबियसची कडी ३ चे २ संच, पोस्टकार्डे आखलेली २०, कोरी २०, ए४ वर आखलेला कागद १, मांजरपाटाचे तुकडे व फासाच्या पेन्सिली ८, सोड्याने लिहिलेले कागद ४, स्पिरिटची बाटली बूच घट्ट लावून वेगळ्या डब्यात, लिंबू १, बादली, फडके २. आखलेल्या पोस्टकार्डांवर टोकाच्या पट्ट्यांना लाल फुली आहे ना, ते एकेक करून तपासणे.